आपले प्रश्न : जहाजावरच्या डेटा केबली

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत जहाजावरच्या डेटा केबलींविषयीची पत्रे बरीच होती. पत्र लिहिणाऱ्यांत विद्युत अधिकारी आहेत, जहाजबांधणी शिकणारे विद्यार्थी आहेत आणि लहान नौका बाळगणारे हौशी दर्यावर्दीही आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या जहाजावर कर्मचाऱ्यांच्या केबिनपर्यंत इंटरनेट पोहोचवायचे आहे. कार्यालयात वापरतात तीच कॅट-६ केबल टाकली तर वेगात काहीच फरक पडणार नाही. मग तिच्यापेक्षा पुष्कळ महाग असलेल्या मरीन केबलचा आग्रह कशासाठी?

उत्तर : वेगाबद्दल आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. कॅट-६ ही श्रेणी २५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या संकेतांसाठी ठरवलेली आहे आणि ती अट साधी केबलही पूर्ण करते, त्यामुळे केबल टाकल्याच्या दिवशी मोजणी केलीत तर दोन्ही केबली सारख्याच उत्तीर्ण होतील. फरक आहे तो आग लागल्यावर केबल काय करते यात, आणि दोन-तीन वर्षे खारी हवा, तेलाचे तुषार व इंजिनाची थरथर सोसल्यावर तिचे काय उरते यात.

आधी आगीचे पाहू. साध्या केबलचे बाह्य आवरण बहुधा पीव्हीसीचे असते आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीन असतो. ते पेटले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलाव्याशी संयोग होताच त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. हे आम्ल श्वासनलिका जाळतेच, शिवाय जिथपर्यंत आग पोहोचलीही नाही अशा कपाटांतील सर्किटेही ते खाऊन टाकते. इमारतीतला माणूस जिना उतरून मोकळ्या हवेत जाऊ शकतो, पण जहाजावरच्या माणसाला त्याच अरुंद, खिडक्या नसलेल्या मार्गिकेतून वाट काढावी लागते जिच्या छतावरून या केबलींचे जुडगे गेलेले असतात. म्हणूनच जहाजासाठी हॅलोजनविरहित आणि कमी धूर करणारे आवरण मागितले जाते. धुराची चाचणी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६१०३४ या मानकानुसार ३ मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या बंद खोलीत केबलचे तुकडे जाळून घेतात, आणि सर्वसाधारण अपेक्षा अशी असते की धुरातूनही किमान ६० टक्के प्रकाश पलीकडे पोहोचला पाहिजे. हा आकडा कोरडा वाटला तरी त्याचा अर्थ इतकाच की मार्गिकेतला बाहेर पडण्याच्या वाटेचा बाण माणसाला दिसला पाहिजे.

आता खाऱ्या हवेचे. मरीन केबलमधल्या तांब्याच्या तारांवर सहसा कथिलाचा मुलामा, म्हणजे साध्या भाषेत कल्हई, असते. उघड्या तांब्याला खाऱ्या ओलाव्यात हिरवा कळंक चढतो आणि तो टोकापुरता न राहता बारीक तारांच्या फटींतून ओलाव्याबरोबर आत सरकत जातो. मी स्वतः एकदा असे टोक कापायला घेतले होते. दोन बोटे कापले तरी तार काळी-हिरवीच, हातभर कापले तरी तशीच. शेवटी ती केबलच बदलावी लागली. थरथरीचा प्रश्नही असाच आहे. एकसंध तारेची केबल कनेक्टरच्या अगदी मागच्या वाकणात थकते आणि तुटते, तर सात बारीक तारा पिळून केलेली तार तीच थरथर पुष्कळ काळ सहन करते. मात्र बारीक तारांसाठीचा आरजे-४५ प्लग वेगळा असतो, हे विसरू नका. एकसंध तारेचा प्लग त्यावर दाबला तर जोड पहिल्या दिवशी चालेल आणि पहिल्या वादळात सुटेल.

खरेदी करताना एक खूण लक्षात ठेवा. स्वस्त केबलींत तांब्याचा पातळ थर दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. तार चाकूने हळूच खरवडा. कल्हई केलेली तार वरून पांढरी असते आणि खरवडल्यावर आत तांबूस दिसते. फसवी तार वरून तांबूस असते आणि आत पांढरी निघते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध जास्त असल्यामुळे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज देऊ लागलात, तर ती अधिक तापते आणि पलीकडे पुरेसा विद्युतदाबही पोहोचत नाही. अशी केबल जहाजावर चढवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : केबलच्या आवरणावर आयईसी ६०३३२ आणि आयईसी ६०३३१ असे दोन्ही क्रमांक दिसतात. दोन्हींचा अर्थ केबल आगीला तोंड देते असाच ना?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज अनुभवी मंडळींतही आढळतो. ६०३३२ या मालिकेत केबल स्वतः आग किती पसरवते, हे पाहतात. ६०३३२-१ मध्ये एकच केबल उभी टांगून तिला ज्वाला लावतात, तर ६०३३२-३ मध्ये शिडीवर बांधलेल्या केबलींच्या संपूर्ण जुडग्याला. हा दुसरा भाग जहाजासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण एकटी असताना निमूटपणे विझणारी केबल जुडग्यात बांधली की शेजारणीच्या उष्णतेने पेटत राहू शकते. या चाचणीत उत्तीर्ण झालेली केबल आग पुढे नेत नाही, पण ती स्वतः जळते आणि तिच्यातला संकेत तुटतो.

६०३३१ या मालिकेत ज्वालेत असतानाही केबलचे काम चालू राहते का, हे तपासतात. डेटा केबलींसाठी या मालिकेचा २३ क्रमांकाचा आणि प्रकाशतंतूंसाठी २५ क्रमांकाचा भाग आहे, आणि त्यांत ज्वालेचे तापमान किमान ७५० अंश सेल्सिअस असते. पहिल्या गुणाला ज्वालारोधक आणि दुसऱ्याला अग्निसह म्हणावे, म्हणजे घोटाळा होणार नाही. जहाजावरची प्रत्येक डेटा केबल अग्निसह असण्याची गरज नसते. आगीची सूचना देणारी यंत्रणा, सार्वजनिक उद्घोषणा आणि आगीच्या वेळीही चालू राहायला हवीत अशी नियंत्रणे यांच्या केबली जेव्हा धोक्याच्या भागातून जातात, तेव्हा अग्निसह केबल लागते. केबिनमधल्या इंटरनेटसाठी ज्वालारोधक, हॅलोजनविरहित केबल पुरेशी आहे.

याच वाचकांनी एसएचएफ-१ आणि एसएचएफ-२ यांविषयीही विचारले आहे. दोन्ही आवरणे हॅलोजनविरहितच असतात. पहिले उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचे, तर दुसरे एकदा पक्के झाल्यावर पुन्हा न वितळणारे, रबरासारखे. राहण्याच्या भागात पहिले चालते. इंजिन रूम आणि उघड्या डेकसाठी मी दुसरेच निवडतो.

प्रश्न : डेटा केबलचे शिल्ड (तारांभोवतीचे, बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करावे की दोन्ही टोकांना? आमचे दोन वरिष्ठ दोन वेगळी उत्तरे देतात.

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर असण्याची शक्यता आहे, कारण ते बहुधा वेगवेगळ्या केबलींबद्दल बोलत आहेत. जहाजाचे पोलादी शरीर सगळीकडे एकाच विद्युतपातळीवर असते असे आपण धरून चालतो, पण मोठी यंत्रे चालू असताना पुढच्या आणि मागच्या टोकांत थोडा फरक पडतोच. शिल्ड दोन्ही टोकांना जोडले तर त्या फरकामुळे शिल्डमधूनच प्रवाह वाहू लागतो आणि मंदगती संकेतात तो गुणगुण मिसळतो. म्हणून नौकानयन उपकरणांतील जुन्या क्रमिक संकेतांसाठी, म्हणजे आयईसी ६११६२-१ च्या ४८०० बिट प्रतिसेकंद आणि ६११६२-२ च्या ३८,४०० बिट प्रतिसेकंद जोडण्यांसाठी, शिल्ड बोलणाऱ्या उपकरणाच्या बाजूला जोडतात आणि ऐकणाऱ्याच्या बाजूला मोकळे ठेवतात.

इथरनेटची गोष्ट निराळी आहे. तेथील संकेत कोट्यवधी हर्ट्झचे असतात आणि इतक्या वारंवारतेला एका टोकाला मोकळे असलेले शिल्ड संरक्षण देण्याऐवजी स्वतःच अँटेना बनते. तेथे शिल्ड दोन्ही टोकांना आणि तेही कनेक्टरच्या धातूच्या कवचाला चहूबाजूंनी टेकलेले हवे. शिल्डच्या तारा एकत्र पिळून त्यांची शेपटी करायची आणि ती एका स्क्रूखाली दाबायची, ही आपल्याकडची सवय येथे घातक ठरते, कारण चार बोटे लांबीची ती शेपटीही उच्च वारंवारतेला मोठा अडथळा असते. शिल्डच्या बाहेर जी पोलादाची किंवा तांब्याची चिलखती वेणी असते ती मात्र वेगळी वस्तू आहे. ती केबलला मार लागू नये म्हणून असते आणि तिचे सातत्य राखून ती जहाजाच्या शरीराला अर्थ केलेली असावी, अशी नियमांची सर्वसाधारण अपेक्षा असते.

एक अनुभव सांगतो. एका जहाजावर एचएफ (लघुलहरी) रेडिओवरून प्रक्षेपण सुरू केले की ऑटोपायलटवरची दिशा नाहीशी व्हायची आणि गजर वाजू लागायचा. प्रक्षेपण थांबताच सगळे पूर्ववत. आधी ऑटोपायलटचे कार्ड बदलले गेले, मग जायरोचे (ऑटोपायलटला दिशा पुरवणाऱ्या होकायंत्राचे), पण दोष जागचा हलेना. मी केबल पायी शोधत निघालो तेव्हा चार्ट टेबलामागच्या पडद्यापाठी एक जंक्शन बॉक्स सापडला. त्याच्या चार स्क्रूंपैकी एक गंजून बसला होता, म्हणजे तो बॉक्स कित्येक वर्षांत कोणी उघडलेला नव्हता. आत दोन्ही बाजूंच्या तारा नीट जोडलेल्या होत्या, पण दोन्ही शिल्डे कापून, काळी टेप गुंडाळून बाजूला सारलेली होती. त्यामुळे ऑटोपायलटकडच्या अर्ध्या केबलचे शिल्ड कशालाच जोडलेले नव्हते. मी एका विलग टर्मिनलवर दोन्ही शिल्डे एकमेकांना जोडली आणि जायरोकडचे मूळ अर्थिंग तसेच ठेवले. त्यानंतर ती दिशा पुन्हा कधी हरवली नाही. शिल्ड एका टोकाला जोडायचे म्हणजे मध्येच तोडायचे नव्हे, हे मला त्या चार स्क्रूंनी कायमचे शिकवले. बदललेली दोन्ही कार्डे अखेरपर्यंत निर्दोषच निघाली.

प्रश्न : माझ्या लहान नौकेवर एनएमईए २००० चे (नौकेवरची उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या मानकाचे) जाळे आहे. वाऱ्याचे नवे उपकरण जोडल्यापासून खोलीमापकाचे आकडे मधूनमधून गायब होतात. सगळी केबल बदलावी का?

उत्तर : कृपया आताच काही बदलू नका, आधी दोन मिनिटांची एक मोजणी करा. या जाळ्याचा एक मुख्य कणा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे प्रत्येकी एक टर्मिनेटर लागते, म्हणजे संकेत टोकावर आपटून उलट फिरत नाही. जाळ्याची वीज पूर्ण बंद करा आणि मल्टिमीटरने संकेताच्या दोन तारांमधला रोध मोजा. सुमारे ६० ओहम आले तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. १२० आले तर एक हरवले आहे किंवा कणा मध्येच तुटला आहे. ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरे टर्मिनेटर बसवले आहे. नव्या उपकरणासोबत ते खोक्यात येते आणि उत्साहाच्या भरात बसवले जाते, त्यामुळे आपल्या बाबतीत मला हीच शंका अधिक वाटते.

मोजणी ठीक आली तर नव्या उपकरणाची फांदी पाहा. कण्यापासून उपकरणापर्यंतची प्रत्येक फांदी ६ मीटरपेक्षा लांब नसावी आणि साऱ्या फांद्यांची बेरीज ७८ मीटरच्या आत असावी, असा नियम आहे. वाऱ्याचे उपकरण डोलकाठीच्या टोकावर असल्यामुळे पुष्कळजण तळातून थेट लांब फांदी वर नेतात आणि तेथेच चूक होते. अशा वेळी कणाच डोलकाठीवर चढवावा आणि त्याचे टर्मिनेटर वर बसवावे. हे जाळे केवळ २५० किलोबिट प्रतिसेकंद वेगाने चालते, तरी ते मांडणीबाबत फार काटेकोर आहे.

प्रश्न : नव्या जहाजाच्या आराखड्यात ब्रिजपासून (जहाज चालवण्याच्या कक्षापासून) इंजिन नियंत्रण कक्षापर्यंत तांब्याऐवजी प्रकाशतंतू सुचवला आहे. तो जहाजाच्या धकाधकीत टिकतो का?

उत्तर : टिकतो, आणि त्या मार्गासाठी मीही तोच सुचवीन. तांब्याच्या इथरनेटला जोडतारांसह एकूण १०० मीटरची मर्यादा असते, त्यांपैकी कायम बसवलेली केबल ९० मीटरपर्यंतच धरतात. नकाशावर ६० मीटर दिसणारे अंतर डेकांमधून वर-खाली होत, अग्निरोधक विभाजने टाळत, केबल ट्रेच्या वळणांनी ९० केव्हा ओलांडते ते कळतही नाही. ५० मायक्रॉन गाभ्याचा ओएम-३ बहुपथ तंतू १० गिगाबिट वेगाने ३०० मीटर जातो आणि सुमारे ९ मायक्रॉन गाभ्याचा एकपथ तंतू कित्येक किलोमीटर जातो. शिवाय काचेतून वीज वाहत नसल्याने आधीच्या प्रश्नातली अर्थिंगची सगळी कटकट उरत नाही, आणि थ्रस्टरच्या (जहाज आडवे सरकवणाऱ्या पंख्याच्या) वीजकेबलींशेजारून गेला तरी त्यावर परिणाम होत नाही.

त्याची नाजूक बाजू टोकाला असते. ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण म्हणजे दारात लोटलेला धोंडा. कनेक्टर काढला की लगेच टोपी घाला, जोडण्याआधी प्रत्येक वेळी तपासणीच्या सूक्ष्मदर्शकातून पाहा आणि पुसा. बोट तर कधीच लावू नका. चालू तंतूच्या टोकात डोळ्यांनी डोकावू नका, कारण तो प्रकाश दिसत नाही पण इजा करतो. आराखड्यात दोन तंतू लागत असतील तर बारा मागून घ्या. जहाज पूर्ण झाल्यावर नवी केबल ओढण्याच्या खर्चापुढे जास्तीचे दहा तंतू नगण्य असतात. दोन्ही टोकांना जोडणारे मार्ग मात्र जहाजाच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यावेत, नाहीतर एकाच आगीत मूळ आणि पर्यायी दोन्ही जातील.

प्रश्न : आम्ही कॅमेऱ्यासाठी एक नवी केबल बल्कहेडमधून (जहाजातल्या विभाजक भिंतीतून) नेली आणि भोक फोमने नीट बुजवले. तरीही जहाजाची तपासणी करणाऱ्या सर्वेक्षकांनी हरकत घेतली. एका केबलसाठी एवढे काटेकोर का?

उत्तर : आपली नाराजी मी समजू शकतो, परंतु या बाबतीत मी पूर्णपणे सर्वेक्षकांच्या बाजूने आहे. ती भिंत ए-६० वर्गाची असेल तर तिच्याकडून अपेक्षा अशी की एका बाजूला आग असताना ६० मिनिटांपर्यंत दुसऱ्या बाजूचे सरासरी तापमान मुळापेक्षा १४० अंश सेल्सिअसहून अधिक वाढू नये आणि कोणत्याही एका बिंदूवर वाढ १८० अंशांच्या पुढे जाऊ नये. ज्या क्षणी तिला बोटभर भोक पडले, त्या क्षणी ती भिंत ए-६० राहिली नाही. बाजारातला साधा फोम जळतो, आणि पाण्याचा दाब आला तर निखळतो. भिंत जलरोधकही असेल, तर त्या एका भोकातून शेजारचा कप्पा भरू शकतो.

म्हणून केबल मान्यताप्राप्त ट्रान्झिटमधूनच न्यायची असते. हा ट्रान्झिट म्हणजे पोलादी चौकट आणि तिच्यात दाबून बसवलेले रबरी ठोकळे. प्रत्येक ठोकळा ठरावीक व्यासाच्या केबलसाठी असतो, आणि अनेक प्रकारांत पापुद्र्यासारखे थर सोलून तो व्यास जुळवता येतो. केबलचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. तपशीलपत्रकातला आकडा गृहीत धरू नका. एका ठोकळ्यात दोन केबली कोंबू नका, कारण दोघींमधली त्रिकोणी फट कितीही दाबले तरी बंद होत नाही. ठोकळे बसवताना केबल सरळ रेषेत आत शिरली पाहिजे. भिंतीला लागूनच वळवली तर ती एका बाजूने ठोकळ्याला ओढते आणि दुसऱ्या बाजूने फट उघडते. काम झाल्यावर दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा आणि कोणत्या ट्रान्झिटमधून कोणती केबल केव्हा नेली, याची नोंद जहाजाच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या सर्वेक्षणात निम्मा वेळ त्या नोंदीनेच वाचतो.

प्रश्न : मास्टवरच्या अँटेनाची केबल दर पावसाळी हवामानानंतर खराब होते. कनेक्टरवर टेप लावूनही पाणी शिरते. उपाय काय?

उत्तर : टेप बहुधा वरून खाली गुंडाळली जात असावी. ती खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे प्रत्येक वेटोळे खालच्या वेटोळ्यावर कौलासारखे बसेल आणि पाणी फटीत न शिरता ओघळून जाईल. आधी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप आणि तिच्यावर सूर्यप्रकाश सोसणारी टेप, असे दोन थर द्या. उपकरणात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ सोडा. पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळते, ग्लँडपर्यंत (केबल खोक्यात शिरते तेथील घट्ट बुचापर्यंत) जात नाही. आणि ग्लँड शक्यतो खोक्याच्या तळाशी घ्या, माथ्यावर कधीही नको. आत शिरलेले पाणी मात्र टेपने परत बाहेर येत नाही. कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) जाळी काळवंडली असेल, तर चमकदार तांबे दिसेपर्यंत कापा आणि नवा कनेक्टर बसवा. तेवढी लांबी उरावी म्हणून पहिल्या दिवशीच मास्टच्या पायथ्याशी हातभर केबल जास्तीची ठेवलेली असावी.